पाच सेकंद आणि एक टक्

पाऊस काही जोराचा नव्हता, पण थांबायचंही मनावर घेत नव्हता. छत्री घरीच राहिली म्हणून स्वतःवरच चरफडत ती ऑफिसच्या फाटकापाशी पत्र्याखाली उभी होती. शेजारी एकजण चष्म्याची काच शर्टाच्या टोकाला पुसत हलकी शीळ घालत होता.

शीळ ओळखीची होती. ओळखीची कसली, तिचीच होती! चार सूर वर चढले, एक हलकेच खाली आला... आणि तो थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा तिथेच थांबला.

तिसऱ्या खेपेला तिला राहवेना.

"शेवट राहिला," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. "राहिला नाही. शेवट शिळेवर येत नाही."

"म्हणजे?"

त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली, दोघांच्या मधोमध धरली आणि अंगठ्याने उघडली.

टक्.

"असाच आहे ना शेवट?"

ती डबीकडे बघतच राहिली. ती ज्या चॅनेलमध्ये काम करत होती, ते घरोघरी मालिका, सिनेमे आणि हसवणुकीचे कार्यक्रम दाखवायचं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चॅनेल आपलं नाव सांगून जातं, त्या पाच सेकंदांच्या तुकड्याला तिथे आयडेंट म्हणत. ते आयडेंट ती करायची. आतापर्यंत तिने सात केले होते. सातव्यात होती फक्त एक उघडी खिडकी. पडदा वाऱ्याने फुगतो, पुन्हा खाली बसतो आणि भिंतीवरच्या उन्हात चॅनेलचं नाव उमटतं. पाच सूर, आणि शेवटी हा टक्. तिची आई सगळी कामं आटोपली की चष्म्याची डबी उघडायची आणि म्हणायची, "आता तासभर मला कोणी हाक मारू नका." घर शांत व्हायचं ते त्या आवाजाने. तोच आवाज तिने गुपचूप टिपून घेतला होता. दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. एकाला तो काडी मोडल्यासारखा वाटला होता, दुसऱ्याला टेपमधला बिघाड.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"दुसरीपासून चष्मा आहे मला. आणि तुमचा सातवा मी दिवसातून दोनदा तरी लावतो."

"लावता? म्हणजे तिसऱ्या मजल्यावर... प्रक्षेपणात? अच्छा, ते घड्याळ तुम्ही!" म्हणून गेली आणि तिने जीभ चावली. ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे घड्याळ म्हणत.

तो मनापासून हसला. "आणि तुम्ही पाच सेकंदवाल्या. बघा, लोकांनी आपल्या दोघांनाही वेळेनेच मोजलंय."

पाऊस थांबला होता. दोघांच्याही ते जरा उशिराच लक्षात आलं.

*

दोनच दिवसांनी साहेबांनी बैठक बोलावली. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त शांततेची भीती वाटायची. जेवताना कोणी बोललं नाही तरी ते टेबलावर बोटं वाजवत बसत.

"एक चॅनेल, एक आवाज!" त्यांनी जाहीर केलं. "हे सात-सात कशाला? पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून एकच आयडेंट. ढोल, सोनेरी अक्षरं, दणदणीत. आणि तो मशीनच लावेल. माणसाने बटण दाबायची भानगड नको."

"आणि आधीचे?" तिने विचारलं.

"ते जातील. तो सातवा तर जायलाच हवा. लागला की घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतं."

सगळे हसले. तीही हसली, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. पण त्या दुपारी तिचा हात कामाला लागेना. नवा ढोलवाला आयडेंट करायचा होता तिनेच. आपल्या हाताने आपल्याच सातव्याला निरोप द्यायचा... संध्याकाळी ती उठली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. प्रक्षेपण कसं चालतं ते पाहायचंय, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

त्याची खोली काचेची होती. समोर सहा पडदे, एक मोठं घड्याळ, आणि हाताशी एक ते सात आकड्यांची बटणं. त्याने बोट वर करून तिला थांबवलं. जाहिराती संपल्या, मालिका सुरू झाली, तेव्हा कुठे त्याने दार उघडलं.

"या. आता बावीस मिनिटं मी मोकळा."

"लोक कार्यक्रम बघतात तेव्हा तुम्हाला सवड, आणि लोकांना सवड मिळाली की तुमची धांदल! उलटंच सगळं."

"म्हणून तर मला लांबलचक मालिका आवडतात."

"ही? ही तर भारी कंटाळवाणी आहे हो."

"कालपर्यंत मलाही तसंच वाटायचं," तो घड्याळाकडे पाहत म्हणाला. "आज जरा लवकर संपेल असं वाटतंय."

तिने उगाचच बटणं मोजली. एक, दोन, तीन... "आयडेंट कोणता लावायचा ते कोण ठरवतं?"

"वरून यादी येते. पण तुम्ही सांगा, तुम्ही करताना काय ठरवता?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"माझी आई स्वयंपाकघरातून उठत नाही, पण दारात कोण आलंय ते तिला बेलवरून कळतं," ती म्हणाली. "दोनदा घाईघाईने वाजली की शेजारीण. एकदाच, लांबलचक... पार्सलवाला. आणि बेल सोडून नुसती कडी वाजली की मामा, तेही बरोब्बर जेवायच्या वेळेला. चॅनेलचं तसंच असतं. बातम्यांचं चॅनेल दार बडवतं, उठा, काहीतरी झालंय! लहान मुलांचं पायऱ्यांवरूनच उड्या मारत येतं. सिनेमाचं आधी दिवे मालवतं, मग आत बोलावतं. कोण आलंय, हसवायला आलंय की घाबरवायला, ते दार उघडायच्या आत समजलं पाहिजे. तेवढीच पाच सेकंदं असतात आपल्याकडे."

"आणि सातवा?"

"सातवा बेल वाजवतच नाही. तो नुसता दाराशी उभा राहतो. आत कोणी रडत असेल, तर डोळे पुसायला वेळ देतो."

त्याने मेजावरची जाड वही तिच्यापुढे सरकवली. प्रक्षेपणाची रोजची नोंदवही होती ती. पानावर रकाने होते: वेळ, काय घडलं, कारण, उपाय, मंजुरी. सुबक अक्षरात जागोजागी एकच नोंद दिसत होती. *यादीत तिसरा होता, सातवा लावला. कारण: सिनेमात आई गेली. लगेच नाचरी धून बरी दिसत नाही.* दुसऱ्या पानावर: *सातवा लावला. कारण: दोघांची चुकामूक झाली. प्रेक्षकांना जरा बसू द्यावं.*

वाचता वाचता तिला अक्षरं पुसट दिसायला लागली. दोन वर्षं आपण बंद दारापुढे उभे आहोत असं तिला वाटत होतं, आणि आत तर कोणीतरी रोज कान देऊन बसलं होतं.

"हे साहेब वाचत नाहीत?"

"चूक असेल तरच वही वर मागवतात. आणि सहा वर्षांत आमच्या हातून चूक झालेली नाही." हे त्याने मिरवायला सांगितलं नाही. माणूस आपला नेम सांगतो तसं, खालच्या आवाजात सांगितलं. नेम पाळणाऱ्याला नेम पाळणारा लगेच ओळखू येतो. तिला तो आवाज आवडला.

मग रोज साडेसहाला तिला तिसऱ्या मजल्यावर काही ना काही काम निघू लागलं. कधी ती काचेबाहेर थांबायची आणि तो एका बोटाने म्हणायचा, थांबा. कधी दोन बोटं, आलोच. घरी आईच्या शेजारी बसून टीव्ही बघताना सातवा लागला की तिला हसू यायचं, आणि आई मात्र दर वेळी चाचपायला लागायची, "अगं, माझा चष्मा कुठे गेला?"

"आई, डोळ्यांवर आहे."

"हो की! हे चॅनेल लागलं ना, की मला उगाचच चष्मा आठवतो बघ."

*

ढोलवाला आयडेंट तयार झाला. चांगला झाला होता. तेच तिला लागलं. वाईट झाला असता तर भांडता तरी आलं असतं. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! हा खरा आपला!" उद्यापासून सातही जाणार होते.

ती तिसऱ्या मजल्यावर गेली तेव्हा साडेसात वाजायला मिनिटभर होतं. हसवणुकीचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. त्याआधी सहावा लागतो, तो उड्या मारणारा, शिट्टीवाला. त्याने नेहमीसारखं एक बोट वर केलं. थांबा.

ती थांबली. काचेतूनच तिने सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही हात जुळवले, मग डबी उघडावी तसे हळूच उघडले... आणि मान हलवली. नाही. आता नाही. हसून सांगायचं ठरवून आली होती, पण हसू ओठांपर्यंत येईस्तोवर डोळे भरून आले.

त्याने पाहिलं.

त्याचं बोट खाली आलं. पडद्यावर खिडकी उघडली. पडदा फुगला, बसला. भिंतीवर ऊन पडलं.

टक्.

आणि लगेच विदूषकासारख्या टोपीतला एक माणूस केळ्याच्या सालीवरून घसरला.

तिसऱ्या मजल्यावरचे सगळे फोन एकदम वाजू लागले.

*

सकाळच्या बैठकीत साहेबांनी नोंदवही मागवली. तो दारापाशी हात मागे बांधून उभा होता. रात्रभर झोप झाली नसावी. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. याने सहा वर्षं जपलेला नेम माझ्यामुळे मोडला, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. लिहिलं असेल बटण अडकलं, वायर सैल होती. असंच लिहिलेलं असू दे देवा, म्हणजे सुटेल तरी.

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"वेळ, सात वाजून एकोणतीस मिनिटं, पंचावन्न सेकंद. काय घडलं? हसवणुकीच्या कार्यक्रमाआधी सहाव्याऐवजी सातवा आयडेंट लावला गेला. कारण..." साहेब अडखळले. "कारण, काचेबाहेर एक व्यक्ती रडत होती. अशा वेळी मी सातवाच लावतो. सवयीने हात गेला."

कोणीतरी खोकलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि उपाय काय म्हणे..." साहेबांनी वही जरा लांब धरली. "उपाय: त्या व्यक्तीला पुन्हा रडू न देणं. आयुष्यभर लक्ष ठेवायची तयारी आहे. मंजुरी मिळाल्यास."

खोलीत शांतता पसरली. साहेबांची बोटं टेबलावर वाजायला उचलली गेली, आणि पहिल्यांदाच तशीच अधांतरी राहिली.

ती उठली. टेबलाला वळसा घालून साहेबांपाशी गेली. "जरा पेन देता?" तिने हळू आवाजात विचारलं. आणि मंजुरीच्या रकान्यात नीट, सावकाश सही केली.

"अहो! अहो, तो रकाना माझा आहे!" साहेब म्हणाले.

"एरवी तुमचाच, साहेब," ती म्हणाली. "आजच्यापुरता माझा."

दारापाशी उभ्या असलेल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसू लागला. काच स्वच्छच होती.

सातवा मात्र परत आला नाही. त्याच दिवशी, एक तारखेला, ढोल वाजला, सोनेरी अक्षरं उडाली. साहेबांनी त्याची चूक माफ केली, पण निर्णय काही बदलला नाही. वाईट वाटायचं ते तिला वाटलंच. संध्याकाळी आईच्या शेजारी बसली की तिचे कान अजून त्या जागी थांबायचे, आणि तिथे ढोल असायचा. आई म्हणाली, "हल्ली चष्मा कसा बरोबर जागेवर सापडतो!" तिला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या रविवारी तो पहिल्यांदा घरी यायचा होता. आईने उशांचे अभ्रे बदलले, मामाला मुद्दाम जेवणानंतर बोलावलं. चार वाजले. ती चारदा खिडकीशी जाऊन आली. पाचव्यांदा गेली नाही, आईसमोर बरं दिसलं नसतं.

बेल वाजली नाही. कडीही हलली नाही. दारापलीकडे पावलं आली, थांबली. कोणीतरी नुसतं उभं राहिलं, आतल्यांना सावरायला वेळ देत. मग चार सूर वर चढले, एक हलकेच खाली आला...

टक्.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठे गेला गं?"

"डोळ्यांवर आहे, आई," ती म्हणाली, आणि दार उघडायला गेली.