झाकण उघडलं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिडीवर होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते.

मी वायरमन. म्हणजे बाईच, पण धंद्यातला शब्द तोच आहे आणि मला तो आवडतो. एका काकूंकडे पंखा दुरुस्त करायला गेले होते. तिथे एक उंच मुलगा चोरांच्या अलार्मचा पांढरा डबा भिंतीवर बसवत होता. त्याच्या पापण्यांवर ड्रिलची भुकटी पडली होती, आणि डब्याची वायर चक्क प्लग लावून ओट्यावरच्या सॉकेटमध्ये खोचली होती.

"हे असंच ठेवणार?"

"चालतोय की."

"चोर आला की आधी प्लग काढेल. आणि चोर नाही आला तर काकू काढतील, मिक्सर लावायला."

"तिथेच लावते मी मिक्सर," काकू म्हणाल्या.

त्याने शिडीवरूनच माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "मग कसं करायचं?"

"मेन बोर्डातून वेगळी लाइन ओढायची. तिला स्वतःचा स्विच, स्विचवर लेबल. प्लगचं नाव नको."

"मेनला हात लावायचं लायसन्स नाही माझ्याकडे."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं आणि बाह्या वर केल्या.

त्यानंतर सात महिन्यांत आम्ही अकरा घरं केली. डबा, सेन्सर, भोंगा त्याचे. मेनची जोडणी माझी. मी त्याला भोंगा म्हणायचे, तो मला शॉक. तिसऱ्या घरात माझं काम बघता बघता तो अगदी जवळ वाकला आणि त्याने विचारलं, "ही हिरवी, अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा लांब का सोडतेस?"

"ओढाताण झाली तर ती सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. जीव सांभाळणारी वायर शेवटपर्यंत टिकली पाहिजे."

"शेवटपर्यंत..." तो हळूच म्हणाला. माझ्या हातातून स्क्रू पडला. तो शोधायला दोघंही खाली बसलो, आणि स्क्रू सापडायला हवा होता त्याहून बराच उशिरा सापडला.

अकराव्या घरात त्याला फोन आला. "हो मॅडम. शनिवारी नक्की. तुम्ही सांगाल तसं." आवाजात इतका गोडवा, की मुंग्या लागाव्यात. मी शॉक आणि ती मॅडम! विचारणार कुठल्या नात्याने? मी त्याची कोण? मेनची जोडणी करणारी. पण त्या दिवशी दोन स्क्रूंचे माथे मी पिळून गुळगुळीत केले.

आणि मग त्याचे फोनच बंद झाले. एक आठवडा, दोन, तीन. अलार्म बसवायचे तर जोडणी लागणारच, आणि ती मी करत नाहीये, म्हणजे कुणीतरी करतंय. मी रोज स्वतःला बजावायचे, की मला काय त्याचं. आणि मोबाइल वाजला की भाजी तव्यावर टाकून धावायचे. दर वेळी कुणाचा तरी गिझरच बिघडलेला असायचा.

अशाच एका गिझरसाठी मी एका काकांकडे गेले. एकटे राहणारे, कानाला यंत्र लावणारे, बोलायला माणूस शोधणारे काका. आत पाऊल टाकलं आणि पॅसेजमध्ये तो पांढरा डबा दिसला. पट्ट्या सरळ, कोपरे नीट. भोंग्याचा हात मी डोळे मिटून ओळखीन. मेन बोर्डात वेगळा स्विचही होता, आणि त्यावर लेबल... टपोऱ्या, गोल अक्षरात. भोंग्याचं अक्षर म्हणजे पाय मोडलेलं झुरळ.

"काका, ही जोडणी कुणी केली?" मी अगदी सहज विचारलं. म्हणजे मला तरी ते सहज वाटलं.

"तो मुलगा आला होता ना, आणि बरोबर एक बाई. फार हुशार. दोन तास दोघं त्या डब्यात डोकी घालून बसली होती."

दोन तास! माझ्याबरोबर पाऊण तासात उरकायचं सगळं.

"काका, डबा जरा उघडून बघू?"

"बघ की. तुमचंच काम ते," म्हणून काका पेपर घेऊन बसले.

आता प्रामाणिकपणे सांगते, मला त्या बाईचं काम वाईट निघायला हवं होतं. एखादा ढिला स्क्रू, एखादी उघडी तार. मी स्विच खाली केला, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं.

भोंगा किंचाळला. म्हणजे भिंतीवरचा.

झाकणाखाली एक छोटी स्प्रिंगची कळ असते. कुणी डबा उघडायला गेलं की ती सुटते आणि आतल्या बॅटरीवर भोंगा वाजतो, मेन बंद असलं तरी. हे मी अकरा घरांत गिऱ्हाइकांना तोंडपाठ म्हणून दाखवलंय. मत्सराच्या भरात विजेची सगळी काळजी घेतली आणि कळ विसरले.

"काका, कोड... कोड सांगा!"

"विसरलो," काका शांतपणे म्हणाले. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि पेपरचं पान उलटलं.

त्या किंकाळीतही मी टेस्टर लावून तारा मेल्याची खात्री केली आणि आत वाकून पाहिलंच. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा लांब होती. अगदी माझ्यासारखी, बोटभर. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी जागा दिली ते एक वेळ चाललं असतं. पण माझी ती गोष्टसुद्धा तिला सांगितली?

दार ढकलून भोंगा आत आला. धापा टाकत, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पाना. मागच्याच गल्लीत काम करत होता तो, आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज गेला होता: झाकण उघडलं. मला पाहून पाना खाली आला. त्याने चार आकडे दाबले आणि घर एकदम शांत झालं.

"चोर तू आहेस?"

"तिला अर्थचं का सांगितलंस?"

"चोर तो चोर, वर शिरजोर... कुणाला?"

"मॅडमला! शनिवारच्या मॅडमला. ही जोडणी करणारीला."

तो कानापर्यंत लाल झाला. "ही जोडणी मी केलीये."

"खोटं. लायसन्स कुठंय तुझ्याकडे?"

"आठवडा झाला मिळून. मॅडम शिकवायच्या, शनिवारी वर्ग असायचा. हे परीक्षेचं काम होतं, त्या उभं राहून तपासत होत्या. लेबल त्यांनीच लिहिलं, माझं अक्षर बघून त्यांना दया आली. त्यांचा नातू शाळेत जातो, शॉक."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "म्हणजे... आता माझी गरजच नाही."

"कामाला नाही."

तो पान्याशी चाळा करू लागला.

"तुला भेटायचं म्हणजे दर वेळी चोरांना घाबरणारं एखादं घर शोधावं लागायचं. महिन्याला दीड घर मिळतं, मला पुरत नव्हतं. म्हटलं, लायसन्स झालं की तुला काम नसताना बोलवायचं. आणि काम नसतानाही तू आलीस, तर..."

"तर काय?"

"तर मला कळलं असतं. गेले सात दिवस फोन हातात घेतोय आणि खाली ठेवतोय. मेनपेक्षा जास्त भीती वाटत होती."

मी डब्यात हात घालून एकेक वायर ओढून पाहिली. दोन पक्क्या होत्या.

"न्यूट्रल ढिली आहे."

"खरंच?"

"किंचित. पण आहे." मी स्क्रू आवळला, झाकण लावलं, स्विच वर केला. हिरवा दिवा लागला. "शनिवारी मोकळी आहे मी. काम नसेल तरच बोलाव."

तो इतका हसला, की काकांनी पेपरच्या वरून पाहिलं आणि यंत्र पुन्हा कानात घातलं. "झालं का काम?"

"एक राहिलंय," मी म्हटलं आणि खिशातलं पेन काढलं. "ते लेबल काढ. मी लिहिते."

"त्यावर मॅडमची परीक्षेची सही आहे गं. काढता नाही येत."

नातवाची आजी झाली म्हणून काय झालं, दोन तास ती इथे बसली होती. मी लेबलाखाली 'पुन्हा तपासलं' असं लिहिलं आणि सही केली. मॅडमच्या सहीपेक्षा चांगली मोठी.