सरजाबाईच्या विटा

फोटोतलं धुकं पुसून काढणारा प्रोग्रॅम धम्मप्रियाने स्वतः लिहिला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. नांदेडच्या कॉलेजात ती तो मुलांना शिकवायची. रेणापूरजवळच्या तिच्या गावात तर वडिलांनी, साहेबरावांनी, दवंडीच पिटली होती, "आमची पोरगी धुकं पुसती!"

नव्या विहाराच्या उद्घाटनाला नेमकं दाट धुकं पडलं. रिवाजाप्रमाणे सगळे पांढऱ्या कपड्यांत वंदनेला आले. दर्शनी भिंतीपुढे फोटो निघाला, तेव्हा तिच्या आजीने, सरजाबाईने, बजावलं, "बाई, माझं तोंड न्हाई दिसलं तरी चालंल. इटा दिसल्या पायजेत. एकूणएक म्या डोक्यावर वाहिल्यात." त्यासाठीच तर म्हातारीने भिंतीला गिलावा करू दिला नव्हता.

दुपारी धम्मप्रियाने विहाराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. धुकं उडालं, पण पांढरे कपडे सगळे निळे झाले. प्रोग्रॅमला पांढरं म्हणजे धुकंच वाटतं. ऐटीच्या भरात ती हे विसरली होती.

"निळंच झालं न्हवं? मग बिघडलं कुठं?" साहेबराव म्हणाले. जमलेल्या बाया खळखळून हसल्या.

धम्मप्रियाने मात्र एकेका माणसाभोवती रेघ ओढली, म्हणजे हे धुकं नव्हे हे प्रोग्रॅमला कळावं. रंग परतले. आजी तेवढी निळी राहिली. पुन्हा रेघ ओढली. आजी फिकट झाली.

आता तिच्या पदरातून मागच्या विटा दिसत होत्या.

प्रोग्रॅम मनाचं काही काढत नाही, धुकं तेवढं वजा करतो. माणसामागची वीट त्याला सापडणार कुठून?

तिने मान वर केली. समोर त्याच भिंतीला टेकून आजी ऊन खात बसली होती.

"आजी, हलू नकोस गं," ती म्हणाली आणि तिने मोबाईलवर फोटो काढला.

"आल्या का इटा?"

धम्मप्रियाने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.

"आल्या. सगळ्या आल्या, आजी."

"मंग!" सरजाबाईने तोऱ्यात पदर सावरला. "लई मजबूत भिताड हाय ते."

फोटोत लख्ख ऊन होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या विटा होत्या, मधे कुठेच खंड नव्हता.

विटांवर एका बसलेल्या बाईची सावली पडली होती.