चांगुणाबाईची चिंधी

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्याच हातून घडली आहे.

कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं घर बौद्ध. अंगारा-धुपारा, लिंबू-मिरची आमच्या दारात कधी आली नाही. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी हसण्यावारी न्यायचो. आता नेत नाही.

गेल्या वर्षीचा, पोळ्याच्या आधीचा रविवार. सकाळचे पावणेसात.

देगलूरहून उदगीरकडे जाताना रस्त्यापासून बरीच आत एक पाणथळ आहे. पक्ष्यांसाठी राखीव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या दहा कॅमेरे तिथं पोचतील. मध्ये कमळाची पानं, कडेनं माणूस दिसणार नाही एवढं उंच पाणगवत. खाली मऊ गाळ. कुठं घोट्यापर्यंत तर कुठं गळ्यापर्यंत.

मला तिथं एकच फोटो हवा होता.

कमळपक्ष्याचा. या पक्ष्यात अंडी बाप उबवतो. पिल्लंही बापच सांभाळतो. धोका वाटला की खाली बसतो, पिल्लांना पंखाखाली घेतो आणि तसाच उठून चालायला लागतो. पंखाखालून पिल्लांचे नुसते पाय लोंबताना दिसतात.

त्या फोटोसाठी मी तीन पावसाळे घालवले होते.

घरटं सापडणं सोपं नसतं. मला मात्र सापडायचं. कारण चांगुणाबाई.

चांगुणाबाई साठीच्या पुढची बाई. चटयांसाठी तिथलं गवत कापायची. गवतात घरटं दिसलं की जवळ एक काठी रोवायची आणि तिला आपल्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की गवत कापणारे, म्हशीवाले, मासे धरणारे सगळे वळून जायचे. गावानं ते कधी मोडलं नाही.

मी मोडलं.

मला ती चिंधी म्हणजे पत्ता होता. सरळ तिथं जायचं, घरट्यासमोरचं गवत कात्रीनं कापायचं, म्हणजे फोटो स्वच्छ येतो. पहिल्या वर्षी असं एक घरटं उघडं केलं आणि दुसऱ्या दिवशी अंडी कावळ्यांनी नेली. मी दुसरी चिंधी शोधली.

गेल्या पावसाळ्यात तिला कळलं. राखणदार रेवणप्पासोबत ती बांधावर माझी वाट बघत उभी होती.

"मास्तर, तुमी आडोसा काढून राहिले म्हने."

"थोडंसंच, मावशी."

"आडोसा गेला की पिल्लू गेलं. चिंदी राखायला बांधलीय, दावायला न्हाई."

मी मान डोलावली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"लेकरू हाय का तुमाला?"

"मुलगी आहे. तीन महिन्यांची."

"मंग तुमाला काय सांगाव," ती म्हणाली आणि विळा उचलून निघून गेली.

त्या रविवारी मी पहाटेच जाऊन बसलो होतो. हिरव्या कापडाचं लपण, समोर काठी, काठीला चिंधी. घरट्यात चार पिल्लं, आदल्या दिवशीच फुटलेली. समोरचं गवत मी साफ केलं होतं.

बाप दूरच फिरत होता. उघड्यावर यायला घाबरत होता.

मग मागच्या बाजूनं पाण्यात पावलं वाजली...

चांगुणाबाई. मी कापलेलं गवत तिनं बघितलं, काखेत गवताची पेंढी घेतली आणि घरट्याकडे निघाली. आडोसा पुन्हा उभा करायला. माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर ती गाळात कमरेपर्यंत खाली गेली.

"मास्तर..."

त्याच वेळी बाप आला.

तो घरट्याशी बसला. पंख सैल केले. एक पिल्लू आत शिरलं. दुसरं शिरलं.

"मास्तर..."

मला वाटलं, ती मला रागावते आहे. नाही, हे खोटं. मला कळलं होतं. पण मी हललो असतो तर पक्षी उडाला असता. मी बटणावरचं बोट उचललं नाही.

"मास्तर..."

तिसरी हाक अर्धीच आली.

पक्षी उठला, चालला, पंखाखालून चिमुकले पाय लोंबत होते. मला माझा फोटो मिळाला.

मग लक्षात आलं... बेडूक थांबले होते. वारा थांबला होता. सगळ्या पाणथळीत कसलाच आवाज नव्हता.

बाहेर आलो तर पाण्यावर गवताची पेंढी तरंगत होती. बाकी काही नव्हतं.

मी पळालो. रेवणप्पाच्या झोपडीवरून गाडी काढली, पण थांबलो नाही. संध्याकाळी त्यांनी तिला बाहेर काढलं. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. समीक्षाला, माझ्या बायकोलाही नाही.

फोटो मोठा करून मी हॉलमध्ये लावला. असा माणूस होतो मी.

नवव्या दिवशी कपाट उघडलं तर कॅमेऱ्याच्या स्टँडला चिंधी बांधलेली होती. लाल. ओली.

समीक्षाला विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी चिंधी गाडीच्या आरशाला. मग फाटकाला. मग दाराच्या कडीला. मी सोडायचो, जाळायचो. ओलं कापड पेटताना गाळाचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी चिंधी एक पाऊल आत असायची.

मग आडोसे जायला लागले.

आधी खिडकीचा पडदा दांडीसकट खाली आला. मग समोरच्या दाराची कडी लागेना. सुतार दोनदा येऊन गेला, ती लागलीच नाही. एके दुपारी पाळण्यावरची मच्छरदाणी उभी कापलेली दिसली. उंदरानं कुरतडलेली नव्हती. विळ्यानं कापावी तशी सरळ कापलेली होती.

आणि कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला. दुसऱ्या दिवशी चार. आठवडाभरात अकरा. ओरडत नव्हते. उघड्या खिडकीतून आत, पाळण्याकडे बघत बसायचे.

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मी घरट्यांचं जे केलं होतं, ते कुणीतरी माझ्या घराचं करत होतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. सकाळचे दहा. लख्ख ऊन. समीक्षा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आमची बुद्धप्रिया पाळण्यात झोपली होती. मी हॉलमध्ये वह्या तपासत होतो.

कपाटातून आवाज आला.

खच्...

हा आवाज मी झोपेतही ओळखतो. कॅमेरा बंद होता. बॅटरी काढून ठेवलेली होती.

खच्... खच्...

कपाट उघडलं. कॅमेऱ्याची स्क्रीन उजळलेली. त्यावर नवीन फोटो.

पहिला, आमचं घर. बाहेरून, खालून, गवताच्या फटीतून काढलेला. आमच्या गल्लीत गवत नाही.

दुसरा, आमची खिडकी.

तिसरा, पाळणा.

चौथा... एका बाईची पाठ. ओलं लाल लुगडं, काठ फाटत फाटत गुडघ्यापर्यंत आलेला. ती गवतात चालत होती. तिच्या काखेखालून दोन चिमुकले पाय लोंबत होते. पायांत चांदीचे वाळे. माझ्या आईनं बारशाला घातलेले.

मी पाळण्याकडे वळलो. इथून दिसत होतं... पाळणा रिकामा होता. तो हलत होता.

मी पाऊल उचललं. उचललं गेलं नाही.

खाली फरशी होती. कोरडी. तरी पाय गुडघ्यापर्यंत कशाततरी रुतले होते. थंड, मऊ. जोर केला तसा अजून खाली गेलो.

"समीक्षा..."

वर गच्चीवर तिच्या पावलांचा आवाज थांबला.

"समीक्षा..."

काहीच नाही. रस्त्यावरचा आवाजसुद्धा नाही.

"समीक्षा..."

ही हाक माझ्या तोंडातून अर्धीच आली.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग पाय सुटले आणि मी आदळलो. रांगत पाळण्यापाशी गेलो. बुद्धप्रिया आत होती. झोपलेली. छातीपर्यंत चिंब भिजलेली, पायांना काळा गाळ. डाव्या पायातला वाळा नव्हता. पाळण्याच्या दोरीला लाल चिंधी होती.

समीक्षा खाली आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता.

"मी हाका मारल्या. ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या," ती म्हणाली. "तिन्ही ऐकल्या. पण कठड्यावर एक पक्षी होता. लांब शेपटीचा. त्याच्या पंखाखाली पिल्लं होती. वाटलं, हलले तर उडून जाईल."

मग तिची नजर लेकराच्या पायांवर गेली आणि ती किंचाळली.

तिला मी सगळं सांगितलं. तिनं मुलीचे कपडे भरले. संध्याकाळच्या गाडीनं मुलीला घेऊन नांदेडला, माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही येऊ नका. तुमच्या मागं तीपण येईल."

दुसऱ्या दिवशी मी पाणथळीवर गेलो. रेवणप्पालाही सगळं सांगितलं. तो खाली मान घालून बिडी ओढत होता.

"ती चार पिल्लं त्याच दिशी घारीनं नेली," तो म्हणाला. "आडोसाच न्हवता."

"रेवणप्पा, मी चुकलो."

"मला का सांगून राहिले? तिला सांगा."

त्यानं हात केला. जिथं ती बुडाली तिथं गाळात एक नवी काठी उभी होती. चिंधी होती. चिंधीखाली काहीतरी उन्हात चमकत होतं.

"ती काठी कोणी रोवली?"

"तिकडं कोण जातंय," रेवणप्पा म्हणाला. "गळ्याएवढा गाळ हाय तिथं."

काठावर उभा राहून मी तिची माफी मागितली. मोठ्यानं.  वाळा तिथंच आहे. मला तो आणायची हिंमत झाली नाही.

फोटो मी जाळला. कॅमेरा दगडानं फोडला. पोलिसांत जायला हवं होतं, गेलो नाही. त्यानंतर दहा महिने काहीच झालं नाही. बुद्धप्रिया चालायला लागली. मी तिला फोनवरच बघतो. मला वाटायला लागलं होतं, संपलं.

काल समीक्षाचा फोन आला.

"आईच्या गॅलरीच्या गजाला कुणीतरी कापड बांधलंय," ती म्हणाली. "लाल. तिसऱ्या मजल्यावर... ओलं आहे."

"पडदे लावून घे."



"पडदे सकाळीच पडले," ती म्हणाली.

मी निघतो म्हणालो. तिनं पुन्हा तेच सांगितलं, येऊ नका. मी थांबलो. रात्रभर बसून राहिलो आणि सकाळी हे लिहायला घेतलं. निदान तुम्हाला कुठं पाण्यात काठीला बांधलेली चिंधी दिसली तर मागं फिरा, एवढ्यासाठी. मध्येच थांबलो असतो तर पुन्हा लिहायचा धीर झाला नसता, म्हणून फोन आवाज बंद करून बाजूला पालथा ठेवला होता.

आज पोळ्याच्या आधीचा रविवार आहे.

लिहून झाल्यावर आत्ता फोन उचलला.

समीक्षाचे मिस्ड कॉल होते. पावणेसातच्या सुमारास, लागोपाठ.

तीन.

मी उलट फोन लावतो आहे. रिंग जाते आहे. कुणी उचलत नाही.