गार बादली

धक्क्यावरच्या ओल्या फरशीवर त्याचा पाय सटकला आणि कोळंबीची अख्खी बादली तिच्या पायांवर रिकामी झाली. तो बोटीवर नवीन आलेला खलाशी, ती कोळंबीचं माप घेणारी तपासनीस. दुसरी कुणी असती तर शिव्यांची लाखोली वाहिली असती. हिने शांतपणे विचारलं, "माप टेबलावर घेतात. पायावर घेतात असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

झालं, गडी तिथेच गारद.

तिचं काम म्हटलं तर सोपं. जाळ्याच्या पहिल्या खेपेतली बादलीभर कोळंबी न निवडता, बर्फ न लावता तिच्यापुढे यायची, यंदा ती त्याच्या बोटीवरून. त्यात पिल्लं जास्त निघाली की खाडी बंद. ती वाढेपर्यंत बोटींनी दुसरं पाणी शोधायचं. त्याच्या मालकाने तर सांगूनच ठेवलं होतं, यंदा खाडी बंद झाली तर बोट दूरच्या बंदरात न्यायची, ती कायमचीच.

म्हणून रोज बादली ठेवताना तो विचारायचा, "काय, राहू की जाऊ?"

"कोळंबीला विचारा," ती मान वर न करता म्हणायची, पण कान लाल व्हायचे. पॅकिंगमध्ये काम करणारी तिची मावशी तिला चिडवायची, स्थळ आयतंच समुद्रातून चालत आलंय म्हणायची. कधी त्याच्या बोटात कोळंबीचा काटा रुतायचा, तो ती काढून द्यायची… आणि काटा निघाला तरी हात काही सुटायचा नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका सकाळी तिचा हातमोजा फाटला. तिने उघडाच हात बादलीत घातला. कोळंबी गार होती. बर्फातली, मोठी, टपोरी, निवडून निवडून भरलेली.

"कधीपासून?"

त्याने मान खाली घातली. "तू म्हणालीस ना… मी गेलो तर तुला करमणार नाही. तेव्हापासून."

तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. म्हणजे इतके दिवस पिल्लं जाळ्यात मरत होती आणि ती खुशाल खाडी चालू ठेवत होती! मूग गिळून बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग मोजपट्टी कुठल्या तोंडाने हातात धरायची?

"उद्या खरी बादली आण," ती म्हणाली.

"मग मी इथे नसेन."

"माहीत आहे."

त्याने आणली. आत सगळी नखाएवढी पिल्लं. डोळे पुसत तिने एकेक मोजलं, आणि तो शेवटपर्यंत समोर उभा राहिला. मग तिने खाडी बंदची लाल पाटी लावली.

"माझ्याबरोबर चल म्हणायला तोंड उरलं नाही मला," तो म्हणाला. 'मी येते' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं… पण बोटीचं इंजिन सुरू झालं, आणि ते तसंच राहून गेलं.

पुढच्या हंगामात खाडी उघडली. कोळंबी अशी टपोरी, की मावशीनेही तोंडात बोट घातलं. तो आला नाही, निरोपही नाही. हल्ली ती उजव्या हातात हातमोजा घालत नाही. येईल त्या बादलीत उघडा हात घालते. सगळ्या बादल्या खऱ्या, सगळ्या कोमट. एकदा, फक्त एकदा हाताला गार लागावं म्हणून तिचा जीव तुटतो.