डी-चार

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. माझ्या वहिनीच्या घरात, रोमानियातल्या ब्राइलाला, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, तेही भरदुपारी हे घडलं.

वहिनीचं नाव स्मारांदा. माझा भाऊ इटलीत कामाला, त्यामुळे घरात ती आणि अकरा वर्षांची इलिंका, दोघीच. इलिंकाला कावीळ झाली होती. सोमवारपर्यंत उतार पडला नाही तर इस्पितळात हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिचा भाऊ विर्जिल लहानपणी काविळीनेच इस्पितळात गेला, तो परत आला नाही. त्याचं नावही ती कधी काढत नसे.

इलिंका पडल्या पडल्या लॅपटॉपवर ‘विमानं’ खेळायची. आम्ही शाळेत मागच्या बाकावर कागदावर खेळायचो, तोच खेळ. चौकटींत तीन विमानं लपवायची, समोरच्याने अक्षर आणि आकडा सांगून घर पुकारायचं. रिकामं निघालं तर ‘हवा’. विमानाचं डोकं सापडलं की ‘पडलं’.

“आई, हा लॅपटॉप येडा आहे गं,” इलिंका म्हणाली. “रोज पहिलं घर तेच मारतो. डी-चार. तिथे माझं काहीच नसतं.”

वहिनीने कप खाली ठेवला.

डी-चार...

विर्जिल आजारी असताना दोघं भिंतीआडून खेळायची. तो घर ओरडून सांगायचा, ती ठोके द्यायची. एक ठोका म्हणजे हवा. तीन म्हणजे पडलं. शेवटच्या डावात तिचं एकच विमान उरलं होतं, आणि त्याने बरोबर डोकं गाठलं. डी-चार.

तिने एकच ठोका दिला.

डाव संपला की एकमेकांना कागद दाखवायचा असतो. तिने तो शेगडीत टाकला. दुसऱ्या दिवशी त्याला नेलं.

“सरक जरा,” वहिनी म्हणाली. “मी बघते.”

तिने विमान त्या शेवटच्या डावातल्यासारखंच मांडलं. डोकं डी-चारवर.

लॅपटॉपने घर मारलं. डी-चार.

पडद्यावर आलं... ‘हवा’.

“अगं, चुकला तो! डोकं तिथेच तर आहे!” इलिंका ओरडली.

आणि भिंतीतून आवाज आला...

ठक्.

एकच.

ती भिंत इमारतीची शेवटची. पलीकडे खोली नाही. चौथा मजला, खाली रस्ता.

पुन्हा डी-चार. पुन्हा ‘हवा’. पुन्हा एक ठोका.

इलिंकाला हुडहुडी भरली. “आई... बंद कर ना ते.”

वहिनीने बटण दाबून धरलं. बंद होईना.

डी-चार. डी-चार. डी-चार.

पोरीचे दात वाजत होते. वहिनी उठली, भिंतीशी गेली आणि मुठीने तीन ठोके दिले.

“पडलं रे! खोटं बोलले मी. तूच जिंकलास. माझ्या पोरीला सोड!”

ठोके थांबले.

पडद्यावर ‘पडलं’ उमटलं. मग तो आपोआप विझला.

सोमवारी इलिंकाने स्वतःहून सूप मागितलं. वहिनी रडत रडत हसली आणि लॅपटॉप डॅन्यूब नदीत फेकून आली.

ईस्टरला मी त्यांच्याकडे जेवायला गेले. इलिंका कागदावर चौकटी आखत बसली होती.

“कुणाशी खेळणार गं?”

“विर्जिलमामाशी. आत्या, तो म्हणतो, आता विमानं त्याने लपवलीत, मी शोधायची.”



त्या मामाचं नाव इलिंकाला आमच्यापैकी कुणीच कधी सांगितलं नव्हतं.