मांजराचा जबाब

माणसाचं खोटं बोलणं त्या गुरुवारी संध्याकाळी ठीक सात वाजता कायमचं संपणार होतं. वाहिनीने तशी घोषणा आठवडाभर, दर दहा मिनिटांनी केली होती. सहा चाळीस झाले तरी सत्य मात्र गजानन तळाशिलकरांच्या डोक्यावर बसायला तयार नव्हतं, कारण मध्ये टोप येत होता.

"काका, हा जरा काढावा लागेल," मैथिली कर्णिक हळू आवाजात म्हणाली. स्मृतिपट्टा तयार करणाऱ्या चमूतली ही तरुण अभियंता रंगपटात तळाशिलकरांच्या मागे उभी होती.

"काढू? केस माझेच आहेत ते," तळाशिलकर म्हणाले.

कपाळाला टेकवलेल्या पट्ट्यावरचा दिवा लाल झाला.

मैथिलीने दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली आणि पट्टा टोपाच्या कडेखालून सरकवला. "माझ्याकडून बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. तळाशिलकर हसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही अख्खा महाराष्ट्र त्यांच्या हसण्यावर हसत असे. आत्ता मात्र आरशातला माणूस हसताना बरा दिसत नव्हता.

"हे ओळखतं कसं गं?"

"काका, आपण भोगलेलं आठवतो तेव्हा मेंदूचा एक भाग जागा होतो. दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगताना वेगळा, आणि रचून सांगताना तिसराच. भोगलेलं असेल तर हिरवा दिवा, ऐकलेलं पिवळा, रचलेलं लाल. खरंखोटं पट्ट्याला कळत नाही. आठवण कुठल्या कप्प्यातून निघाली, एवढंच कळतं."

"मग हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?"

"सांगितलं होतं. जाहिरातीत बसलं नाही."

लोकांना तरी काय दोष द्यायचा? संगणकाने बनवलेली खोटी चित्रं, खोटे आवाज आणि खोटे व्हिडिओ गेली कित्येक वर्षं पाहून सगळे इतके विटले होते, की साधा विनोद ऐकतानाही "हे खरंच झालं होतं का?" असं विचारत. म्हणून 'खरंखुरं' हा गप्पांचा कार्यक्रम निघाला आणि तुफान चालला. नामवंत पाहुणे यायचे, आयुष्यातले गमतीदार किस्से सांगायचे आणि दिवा निकाल द्यायचा. मागच्याच महिन्यात एका नामांकित गायकाचा लहानपणीचा किस्सा पिवळा निघाला, तर गावाने त्याचा ठरलेला सत्कार रद्द केला. मांडवसुद्धा घातलेला होता.

तळाशिलकरांचा किस्सा तर मांडवापेक्षा मोठा होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीत 'पाचवी खोली' या रहस्यनाटकाचा प्रयोग चालू होता. मुडदा रंगमंचावर पडलेला, इन्स्पेक्टर पंचनामा करतोय, तेवढ्यात विंगेतून एक मांजर आलं आणि मुडद्याच्या पोटावर बसलं. प्रेक्षक खुसखुसू लागले, इन्स्पेक्टरला वाक्य आठवेना. तेव्हा मुडदा डोळे न उघडताच उठून बसला आणि म्हणाला, "साहेब, आधी या मांजराचा जबाब घ्या. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एवढाच आहे." आणि पुन्हा मेला. नाटक चार मिनिटं थांबलं होतं. त्या एका वाक्यावर तळाशिलकर विनोदी नट म्हणून उभे राहिले. आत्मचरित्राचं नावही त्यांनी 'साक्षीदार मांजर' ठेवलं. पुढच्या रविवारी त्यांना जीवनगौरव मिळणार होता, आणि मानपत्रात ते वाक्य तिसऱ्या ओळीत होतं.

अडचण एवढीच होती की तळाशिलकर इन्स्पेक्टर होते.

मुडदा होता वामन पेंढुरकर, त्यांचा मित्र. महिनाभराने वडील आजारी पडले म्हणून वामन कंपनी सोडून कणकवलीला गेला. मग एका वार्ताहराने चुकून तो किस्सा तळाशिलकरांच्या नावावर छापला. तळाशिलकरांनी चूक दुरुस्त केली नाही. आधी आळसाने, नंतर संकोचाने, आणि पुढे दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. पथ्य मात्र कडक पाळलं. मांजर कुठल्या रंगाचं होतं हे कधीही सांगायचं नाही. मुडद्याचे डोळे मिटलेले असतात.

कार्यक्रमाला नाही म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणंच होतं. म्हणून ते आले होते, आणि चिपळूणला कुत्रं चावल्याचा एक शंभर टक्के हिरवा किस्सा सोबत घेऊन आले होते.

कार्यक्रम सुरू झाला. पहिली पाहुणी होती अभिनेत्री उज्ज्वला धुमटकर. विमानतळावर दुसऱ्याची बॅग आपली समजून घरी कशी नेली, हे तिने नऊ मिनिटं सांगितलं. किस्स्यात एकही गंमत नव्हती, पण दिवा सुरुवातीपासून हिरवागार होता. प्रेक्षक पोट धरून हसले.

"आता गजाननकाका," सूत्रसंचालक शौनक राजाध्यक्ष त्यांच्याकडे वळला. "महाराष्ट्र ज्याची वाट बघतोय तो किस्सा!"

"त्यापेक्षा चिपळूणला एकदा एक कुत्रं—"

"मांजर! मांजर!" प्रेक्षक ओरडले.

तळाशिलकरांच्या टोपाखाली घाम सुटला. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी तो किस्सा हजारदा सांगितला असेल, पण आज पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. कसेबसे ते रत्नागिरीपर्यंत पोहोचले. किस्स्यातल्या रंगमंचावर आडवे झाले. मांजर आलं. पोटावर त्याचं वजन पडलं, उबदार, आणि नखं सदऱ्यातून किंचित टोचली. ते वाक्य म्हणाले. सभागृह हशाने दणाणलं.

त्यांनी भीत भीत वर, पट्ट्याचा दिवा मोठा करून दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं. दिवा हिरवा होता.

सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरा विचार आला. त्यांना नखं टोचली होती. खरोखर टोचली होती. ती कुणाच्या पोटाला?

"आणि आता," शौनक टाळ्यांच्या वर आवाज चढवत म्हणाला, "काकांना माहीत नसलेला पाहुणा! त्या रात्रीचा इन्स्पेक्टर, श्री. वामन पेंढुरकर!"

दार उघडलं. खादीचा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, असा एक कृश म्हातारा आला. कपाळावर पट्टा होता. टोपाची अडचण नव्हती, टक्कल होतं.

"काय रे गजा," तो शेजारी बसत म्हणाला. "जाड झालास."

दिवा हिरवा. प्रेक्षक हसले.

"वामनकाका तेव्हापासून कणकवलीच्या शाळेत चित्रकला शिकवत होते," शौनकने माहिती दिली. "काका, आता तुमच्या बाजूने सांगा. मुडदा उठून बसला तेव्हा इन्स्पेक्टरला काय वाटलं?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" वामन शांतपणे म्हणाला. "मुडदा मी होतो."

उज्ज्वला धुमटकर पाणी पीत होती, तिचा पेला तसाच हातात राहिला.

"मी पडलो होतो. मांजर येऊन बसलं. गजाला वाक्य आठवेना, म्हणून मी उठलो आणि..."

दिवा पिवळा झाला होता.

वामनने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. "पिवळा? म्हणजे ऐकलेलं ना?"

"आजोबा, होतं असं या वयात," शौनक मऊ आवाजात म्हणाला. मागच्या रांगेतून कुणीतरी "लबाड!" ओरडलं आणि हशा पिकला.

काचेपलीकडे मैथिली यंत्राच्या कळा दाबत होती. यंत्रात बिघाड नव्हता. वामनने तो किस्सा गजाच्या तोंडून, टीव्हीवर, इतक्यांदा पाहिला होता की त्याची स्वतःची आठवण केव्हाच झिजून गेली होती. उरलं होतं ते टीव्हीवरचं.

"हो का?" वामन स्वतःशीच म्हणाला. "मग मी कुठे होतो त्या दिवशी?"

हे ऐकलं आणि तळाशिलकर उठून उभे राहिले. "बंद करा हे! वामन खरं बोलतोय. मुडदा तोच होता. ते वाक्य त्याचं. इन्स्पेक्टर मी होतो, मला एक शब्द सुचला नाही, मी नुसता ठोंब्यासारखा उभा होतो!"

दिवा लाल झाला.

मग उज्ज्वला धुमटकरने डोळे पुसले. "मित्रासाठी खोटं बोलतायत काका," ती म्हणाली. सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"अहो, टाळ्या काय वाजवताय? चोर आहे मी!" तळाशिलकर ओरडले. दिवा आणखी लाल झाला. शौनकने दोन्ही हात जोडले. त्याने जाहीर केलं की इतका मनाचा मोठेपणा या मंचाने आजवर पाहिला नाही. एक्केचाळीस वर्षांत ते उभं राहणं तळाशिलकरांनी एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवायला गेले, तर जुळवावं लागत होतं.

ते खुर्चीत बसले. वामनचा हात धरला. "वामन, मी काय करू सांग. रविवारी मानपत्र परत करतो. पेपरात लिहितो. मैथिली, तू तरी सांग गं यांना!"

"राहू दे रे," वामन म्हणाला. टाळ्या अजून चालूच होत्या, त्यामुळे त्याला अगदी कानाशी वाकावं लागलं. "जीवनगौरव घे तू. मी त्यासाठी आलोच नाही. एक विचारायचं होतं, म्हणून एवढ्या लांब आलो." त्याने शबनममधून एक जुना कागद काढला. पेन्सिलीने रंगमंच काढला होता, आडवा माणूस काढला होता, आणि त्याच्या पोटावर मांजराची नुसती रेघ होती. "कितीदा पुरं करायला घेतलं. पण माझे डोळे मिटलेले होते, आणि तूही कधी सांगितलं नाहीस."

तळाशिलकरांनी त्या रेघेकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलायच्या आत त्यांच्या कपाळावरचा लाल दिवा विझला, आणि टोपाच्या कडेखाली हळूहळू हिरवं काहीतरी उजळू लागलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यामुळे ते एकट्या मैथिलीला दिसलं.

"मांजर कुठल्या रंगाचं होतं, तेवढं सांग," वामन म्हणाला. "आणि जमलं तर पांढरं सांग. रंगपेटी घरीच राहिलीय."