उरलेल्या साठ किलोमीटरचं गणित

एक गणित सोडवा. रस्ता एकशेवीस किलोमीटरचा आहे. गाडीनं पहिला अर्धा रस्ता ताशी पंधरा किलोमीटर वेगानं कापला. पूर्ण रस्त्याचा सरासरी वेग ताशी तीस यायला हवा. तर उरलेला अर्धा रस्ता तिनं किती वेगानं कापावा?

पंचेचाळीस म्हणालात ना? म्हणणारच. पंधरा आणि पंचेचाळीस मिळून साठ, साठाचे निम्मे तीस. झालं, वही मिटून खेळायला पळायला मोकळे! मी तुम्हाला हसत नाही. नववीतल्या जुईलीनंही हेच उत्तर दिलं होतं. फरक एवढाच, की ती परीक्षेला बसली नव्हती. मंगळावरच्या एका गाडीत बसली होती आणि त्या उत्तरावर तिच्या आईचा जीव टांगलेला होता.

मंगळावर लालखडक नावाची एक लहानशी वसाहत होती. तिथून एकशेवीस किलोमीटरवर संदेश-मनोरा होता आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन माणसांपुरतं घर. जुईलीची आई स्नेहल आणि तिचे सहकारी जालिंदर वाघमोडे मनोरा दुरुस्त करायला तिथं गेले होते. त्या दिवशी सकाळी वरचा कडा कोसळला आणि घराचं छप्पर फुटलं.

ही बातमी जुईलीच्या आजोबांना सिंधूकाकूंनी दिली. त्या वसाहतीचा रेडिओ सांभाळायच्या. रोज हवामान सांगायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आबा, घर फुटलंय. आमचे हे गेले. स्नेहल हाय. तिच्या पोशाखातल्या टाकीत चार तासांची हवा हाय, बाकीच्या समद्या टाक्या दगडाखाली फुटल्या. निघा."

जालिंदर हे सिंधूकाकूंचे यजमान. ते वाक्य बोलून झाल्यावर त्या रेडिओसमोरून उठल्यासुद्धा नाहीत.

बाकीची माणसं दूर बर्फाच्या खाणीवर गेली होती. वसाहतीत एकच गाडी चालू स्थितीत होती. सहा चाकांची, स्वतःच स्वतःला हाकणारी आणि बोलणारी. तिचं नाव ढवळ्या. गाडीत दोन माणसं हवीतच असा नियम असल्यामुळे आबांबरोबर जुईली चढली. आबा म्हणजे दत्ता नरसाळे, स्नेहलचे वडील. मंगळावरच्या वाळूचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

ढवळ्या हा रस्ता नेहमी ताशी तीसनं जायचा. एकशेवीस भागिले तीस, चार तास. हवाही चार तासांची. अगदी काठावर, पण जमत होतं.

जमलं नाही. महिन्यापूर्वीच्या वादळानं रस्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर नवी, मऊ वाळू आणून ओतली होती. जरा जोर लावला की चाकं जागच्या जागी फिरत आणि गाडी खाली बसे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे खांब एकेक करून मागे पडत होते, पण इतके हळू की जुईलीला खाली उतरून गाडी ढकलावीशी वाटत होती.

"एक तास झाला," ढवळ्या म्हणाला. "अंतर पंधरा किलोमीटर. वाळू साठाव्या खांबापर्यंत आहे. पुढे खडक आहे."

जुईलीनं मनातल्या मनात आकडेमोड केली आणि तिचा चेहरा उजळला. "आबा, काळजी नको! वाळूतला अर्धा रस्ता पंधरानं, मग खडकावरचा अर्धा पंचेचाळीसनं. सरासरी तीस येते. म्हणजे आपण वेळेत पोचतो."

आबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "वाळूतले साठ किलोमीटर पंधरानं जायला किती तास लागतात?"

"साठ भागिले पंधरा. चार."

"आणि आईकडे हवा किती तासांची होती?"

जुईलीनं मनात हिशेब पुन्हा मांडला. चारच तासांची. म्हणजे अर्धा रस्ता संपेल तेव्हा सगळा वेळ संपलेला असेल. उरलेले साठ किलोमीटर कापायला शून्य तास हाताशी राहतील. पंचेचाळीस नव्हे, ताशी हजार किलोमीटरनं पळालं तरी शून्य तासांत साठ किलोमीटर जाता येत नाहीत.

"पण मग माझी सरासरी चुकली कुठे?" तिनं विचारलं.

"दोन वेगांची बेरीज करून निम्मे केलेस. ते कधी चालतं? दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गेलो तर. इथे पंधरानं आपण चार तास रखडणार आणि पंचेचाळीसनं जेमतेम एक तास वीस मिनिटं पळणार. रखडण्याचं वजन जास्त. सरासरी वेग (एकूण अंतर भागिले एकूण वेळ) काढायचा तर एकशेवीसला पाच तास वीस मिनिटांनी भाग. साडेबावीस येतो. तीस नाही."

वाचकहो, हे मी तुम्हाला इथे ऐसपैस सांगतोय. आबांनी ते एका दमात सांगितलं. जुईलीला रडू फुटलं. रडण्यासारखंच होतं ते.

"रडून घे, पण डोकं चालू ठेव," आबा म्हणाले. "गणितात तीन गोष्टी आहेत. वेळ, वेग, अंतर. वेळ वाढवता येतो?"

"नाही."

"वेग?"

"वाळूत नाही."

"मग?"

जुईलीनं डोळे पुसले. "अंतर उरतं. पण अंतर कसं कमी होणार? मनोरा थोडाच जवळ येणार आहे?"

आणि हे म्हणता म्हणता तिलाच उत्तर दिसलं. मनोरा येणार नव्हता. पण आई येऊ शकत होती! मनोऱ्यावर सामान वाहायची पाटगाडी होती, चार चाकांची उघडी फळीच जवळजवळ, पण खांबांच्या ओळीनं आपोआप चालणारी.

"पाटगाडीचा वेग?" आबांनी विचारलं.

"एक माणूस असेल तर ताशी वीस," ढवळ्या म्हणाला.

"आता बघ. आपण तासाला पंधरा जवळ जाणार, ती तासाला वीस जवळ येणार. दोघांमधलं अंतर तासाला पस्तीसनं घटणार. याला सापेक्ष वेग म्हणतात (समोरासमोर येणाऱ्या दोघांमधली दरी किती झपाट्यानं मिटते, ते सांगणारा वेग). आत्ता मध्ये उरलेत एकशेपाच किलोमीटर."

"एकशेपाच भागिले पस्तीस... तीन! आबा, बरोब्बर तीन तास! तिच्याकडे तेवढेच उरलेत."

आबांनी रेडिओ उचलला. "स्नेहल, पाटगाडी धड आहे का?"

"आहे. का?"

"खांबांच्या ओळीनं आमच्याकडे निघ. आत्ताच्या आत्ता."

"अडकलेल्यानं जागा सोडायची नाही, आबा. नियम तुम्हीच लिहिलाय."

"तो वादळातला नियम. तेव्हा शोधणाऱ्याला माणूस सापडायचा नाही. आज सगळे खांब दिसताहेत. निघ."

"बरं. जालूदादांना फळीला बांधते आणि निघते."

आबांनी डोळे मिटले. ढवळ्यानं कुणी न विचारता सांगून टाकलं, "दोन माणसांच्या वजनानं पाटगाडी ताशी बारानं चालते." यंत्रच ते, त्याला काय कळणार, असं म्हणून मी त्याच्यावर चिडलो असतो. पण त्यानं सांगितलं ते बरंच झालं.

जुईलीनं पुन्हा बेरीज केली. पंधरा आणि बारा सत्तावीस. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. एकशेपाचमधून एक्याऐंशी गेले, चोवीस उरले. तिनं दुसऱ्यांदा करून बघितलं. चोवीसच उरले. ती आबांकडे बघत होती, की आता हे आईला सांगतील. आबांना बोलता येईना. जालिंदरला मंगळावर आणलं होतं त्यांनीच.

मग जुईलीनं त्यांच्या हातातून रेडिओ घेतला.

"आई, जालूकाकांना तिथेच ठेव."

"जुई, आबांना दे."

"नाही देत. तू त्यांना घेऊन निघालीस तर तुझी हवा संपेल तेव्हा आपल्यात चोवीस किलोमीटर उरलेले असतील."

"अगं, त्यांना उघड्यावर टाकून येऊ? आणि हे सगळं सिंधूवहिनी ऐकताहेत, कळतंय का तुला?"

कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं, म्हणून तर कुणाला स्पष्ट बोलवत नव्हतं. रेडिओ तिन्ही ठिकाणी उघडा होता. वसाहतीच्या बाजूनं एक शब्द येत नव्हता. स्नेहल म्हणत राहिली की त्यांनी मला बाहेर ढकललं नसतं तर मीच त्या दगडाखाली असते, मी त्यांना सोडणार नाही. जुईली पुन्हा पुन्हा तोच आकडा सांगत राहिली. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

शेवटी वसाहतीकडून आवाज आला. "स्नेहल, पोरगी सांगती तसं कर. त्यांच्या अंगावर काहीतरी पांघर आणि नीघ."

स्नेहल निघाली तेव्हा सहा मिनिटं गेली होती.

"सहा मिनिटांनी काय फरक पडतो?" जुईलीनं दबकत विचारलं.

"पाटगाडीचे दोन किलोमीटर," आबा म्हणाले. "हवा संपेल तेव्हा आपण वाळूच्या कडेला असू आणि ती आपल्यापासून दोन किलोमीटरवर. तिथून खडक. ढवळ्या चाळीसनं पळेल, ती वीसनं येईल. मिळून साठ, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. दोन मिनिटं कमी पडताहेत."

दोन मिनिटं म्हणजे तुमच्यासाठी काहीच नाही. श्वास धरून बघा, मग कळेल.

पण इथे अजून एक गोष्ट हातात होती. टाकीतली हवा ठरलेली असली, तरी ती किती वेळ पुरेल हे ठरलेलं नव्हतं. वापर कमी केला की वेळ वाढतो. याला व्यस्त प्रमाण म्हणतात (एक गोष्ट जितक्या पटीनं घटते, तितक्याच पटीनं दुसरी वाढते). पावणेतीन तासांहून जास्त पुरणाऱ्या हवेतून दोन मिनिटांची वाचवायची, म्हणजे शंभरातला एखाददुसरा श्वास. बोलायला हवा लागते. रडायलाही लागते.

"आई, आता बोलू नकोस," जुईली म्हणाली. "हलूही नकोस. नुसती बस."

त्यानंतर रेडिओवर फक्त खरखर होती. ती जिवंत आहे की नाही हे कळायची सोय त्यांनी स्वतःच बंद केली होती. जुईली खांब मोजत बसली. आबांनी एकदा पाणी पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही. वाळू संपतच नव्हती आणि ढवळ्याला घाई करायला सांगण्यात काही अर्थ नव्हता, हे आता तिला पुरतं समजलं होतं. समजल्यामुळे बरं वाटतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

साठावा खांब आला. चाकांखाली खडक लागला आणि ढवळ्या उधळला. पाटगाडी समोरून येताना दिसली. तिच्यावर स्नेहल मान खाली घालून बसली होती. हाक मारली तरी मान वर झाली नाही.

पोशाख चढवून तयारच असलेले आबा टाकी घेऊन खाली उतरले. जुईलीनं आतून काचेला नाक लावलं होतं. आबांनी नळी जोडली आणि ते तसेच वाकून राहिले. किती वेळ राहिले कुणास ठाऊक. मग आईच्या शिरस्त्राणाच्या काचेवर आतून वाफ धरली, गेली, पुन्हा धरली. जुईली मोठ्यानं ओरडली.

थोड्या वेळानं स्नेहल गाडीत आडवी झाली होती. शुद्ध आली होती, पण ती छताकडे बघत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. गाडीत आता हवा भरपूर होती. आबांनी कुणाला विचारलं नाही, ढवळ्याला फक्त "मनोरा" म्हणाले आणि गाडी जालिंदरांना आणायला पुढे निघाली.

तेवढ्यात रेडिओ बोलला. "जुईली, हाईस का?"

"आहे, काकू."

"दोघं खरंच येत न्हवते?"

जुईलीनं आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगून तरी काय मिळणार होतं? तरी तिनं सगळं सांगितलं. एकशेपाच, पंधरा, बारा, सत्तावीस. पलीकडे काकू कागदावर लिहीत होत्या. पेन्सिलीचा आवाज येत होता.

"बारा धरलंस. तेरा धरलं तर?"

"एकवीस किलोमीटर उरतात, काकू."

"चौदा?"

"अठरा."

"पंधरा धर."

"पंधरा धरले तर पंधरा उरतात."

बराच वेळ पेन्सिल चालत राहिली. "वीस धरलं की येतंय," काकू म्हणाल्या.

"हो. वीस धरलं की येतंय."

"पण दोघं बसल्यावर वीसनं न्हाई पळत ती."

"नाही पळत, काकू."

"व्हय. बरोबर हाय तुझं." आणि मग त्या रडल्या, सकाळपासून पहिल्यांदा. गाडीतल्या तिघांनी रेडिओ बंद केला नाही. स्नेहल उठून बसली आणि जुईलीचा हात धरून तीही रडली.

काकूंचा आवाज परत आला तेव्हा तो बसलेला होता. "आता एक सांग. उद्या कुणी तिथं अडकलं, दुसरा चालायच्या अवस्थेत न्हाई, टाकी चार तासांची. दोघांनी बारानंच यायचं. तर वाटंत हवेच्या टाक्या कुठं ठेवायच्या?"

जुईलीनं नाक पुसलं. "बारा चोक अठ्ठेचाळीस. मनोऱ्यापासून अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या आत कुठेही, काकू. चाळीसवर ठेवू."

"तीसवर ठेव. म्हंजी भांडायला, रडायला येळ ऱ्हाईल."

मनोऱ्यापासून तिसाव्या किलोमीटरच्या खांबापाशी ढवळ्या थांबला. जुईलीनं पोशाख चढवला, आबांनी दोन भरलेल्या टाक्या खाली दिल्या आणि तिनं त्या खांबाला दोरीनं घट्ट बांधल्या.

"बांधल्यास?" रेडिओवरून काकूंनी विचारलं.

"बांधल्या, काकू," जुईली म्हणाली आणि गाडी मनोऱ्याकडे निघाली.